मेडिकेड आणि प्रौढांचे दात : कार्ड हाती असताना उपचार कसे मिळवावेत

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी १९६५ साली सुरू झालेली मेडिकेड ही सार्वजनिक आरोग्य विमा योजना केंद्र आणि राज्य सरकारे मिळून चालवतात. २१ वर्षांखालील लाभार्थ्यांना दातांचे उपचार देणे केंद्राच्या कायद्याने प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. प्रौढांना ते द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर किती, हे मात्र राज्यावर सोपवले आहे. त्यामुळे सारखेच उत्पन्न आणि सारखीच किडलेली दाढ असलेल्या दोघांपैकी एकाला रूट कॅनॉल मिळते, तर शेजारच्या राज्यातल्या दुसऱ्याला केवळ दाढ काढून घेता येते.

म्हणून आपल्या राज्याची चालू वर्षाची लाभपुस्तिका आधी मिळवावी. नातेवाइकांनी दिलेली जुनी माहिती येथे उपयोगाची नाही, कारण राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की प्रौढांच्या दंतोपचारांवर लवकर कात्री चालते. कॅलिफोर्नियाने जुलै २००९ मध्ये प्रौढांचे बहुतेक दंतोपचार बंद केले, मे २०१४ मध्ये त्यांतील काही परत आणले आणि उरलेले सुरू व्हायला जानेवारी २०१८ उजाडला. याउलट टेनेसीने जानेवारी २०२३ पासून प्रौढांना व्यापक दंतोपचार द्यायला सुरुवात केली.

पुस्तिकेत ‘दंतोपचार समाविष्ट’ एवढे वाचून थांबू नये. तपासणी, एक्स-रे, सफाई, दात भरणे, रूट कॅनॉल, कॅप, कवळी यांतील प्रत्येक उपचाराचा स्वतंत्र उल्लेख शोधावा. वर्षभराच्या खर्चाला मर्यादा आहे का, रूट कॅनॉल फक्त पुढच्या दातांपुरते आहे का, कवळी किती वर्षांनी पुन्हा मिळते आणि कोणत्या उपचाराला पूर्वमंजुरी लागते, हे पाहावे. काही राज्ये प्रौढांना फक्त तातडीचे उपचार देतात, म्हणजे व्यवहारात बहुधा दात काढण्यापुरतेच. वेळीच भरला असता तर वाचला असता असा दात काढायला पैसे द्यायचे आणि भरायला द्यायचे नाहीत, हे धोरण मला अन्यायाचे वाटते. समोरचे दात गेलेल्या माणसाला त्याची किंमत नोकरीच्या मुलाखतीतही मोजावी लागते.

खरी अडचण यानंतर सुरू होते, ती दंतवैद्य मिळण्याची. मेडिकेडचे दर खासगी विम्यापेक्षा सहसा बरेच कमी असतात आणि कागदपत्रे जास्त, त्यामुळे अनेक दंतवैद्य हे रुग्ण घेतच नाहीत किंवा मोजकेच घेतात. योजनेच्या यादीत नाव असले तरी फोन केल्याशिवाय त्यावर विसंबू नये. ‘तुम्ही मेडिकेड घेता का?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण काही ठिकाणी फक्त मुलांना घेतात. त्याऐवजी असे विचारावे : ‘मी प्रौढ आहे, माझी दंतयोजना अमुक आहे, तुम्ही सध्या नवे रुग्ण घेता का आणि सर्वांत जवळची तारीख कोणती?’ अनेक राज्यांत दंतोपचार वेगळ्या कंपनीकडे सोपवलेले असतात. तेव्हा त्या योजनेचे नाव आणि सदस्य क्रमांक हाताशी ठेवावा. कोणीच तारीख देत नसेल, तर योजनेच्या सदस्य-सेवा क्रमांकावर तसे सांगून दंतवैद्य शोधून देण्याची मागणी करावी, आणि कोणाशी, कोणत्या दिवशी बोलणे झाले ते लिहून ठेवावे. वाहन नसल्यास मेडिकेडमधून मिळणाऱ्या उपचारासाठी जाण्यायेण्याची सोय मागता येते. इंग्रजी कमी येत असल्यास विनाशुल्क दुभाषा मागावा; आईच्या उपचारांची संमती शाळकरी मुलाच्या भाषांतरावर सोडू नये.

तरीही सोय न झाल्यास केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांकडे वळावे. तेथे कमी उत्पन्न असणाऱ्यांना उत्पन्नाच्या प्रमाणात सवलत मिळते आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवले जात नाही. मात्र दातांचा विभाग त्याच केंद्रात आहे का, हे आधी विचारावे. दंत महाविद्यालयांतही खर्च सहसा कमी येतो, पण वेळ जास्त लागतो.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात दातदुखीवर बहुधा वेदनाशामक आणि प्रतिजैविक गोळ्याच मिळतात, मूळ दुखणे तसेच राहते. मात्र चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल, किंवा गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर क्षणभरही न थांबता तेथेच जावे.

मेडिकेड स्वीकारणाऱ्या दंतवैद्याला योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी ठरलेल्या सहभाग-शुल्कापलीकडे वरचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. योजनेबाहेरचा उपचार सुचवला गेला, तर खर्च लेखी मागावा आणि तो कळण्यापूर्वी सही करू नये. पत्ता बदलल्यास मेडिकेड कार्यालयाला लगेच कळवावे, कारण पात्रतेच्या फेरतपासणीचा अर्ज जुन्या पत्त्यावर गेला तर पात्र माणसाचाही विमा बंद पडतो.

उपचार नाकारला गेल्यास तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. कारण आणि अपिलाची मुदत नमूद केलेले लेखी पत्र मिळणे आणि त्यावर सुनावणी मागणे हा लाभार्थ्याचा हक्क आहे. दंतवैद्याकडून एक्स-रे आणि उपचार का आवश्यक आहे ते सांगणारे पत्र घ्यावे. मधुमेह असेल किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याचा उल्लेख त्यात अवश्य असावा. आधीच मंजूर असलेला उपचार बंद होणार असेल, तर पत्रातील अंमलाच्या तारखेपूर्वीच सुनावणी मागावी, म्हणजे निकाल लागेपर्यंत तो चालू ठेवण्याची मागणी करता येते.