खारघरच्या डोंगराखाली पहिला राउंड

माझं घर अलिबागला. गोल्फ हातात घेतलं ते बावन्नाव्या वर्षी, आणि खेळायला जाते खारघरला, सिडकोच्या व्हॅली गोल्फ कोर्सवर. तिथं क्लबचं सभासदत्व लागत नाही. त्या दिवसाच्या खेळाचे पैसे, म्हणजे ग्रीन फी भरायची आणि खेळायचं. पहिल्यांदा निघालेल्या मैत्रिणींना मी जे सांगते, तेच इथं लिहिते.

आधी फोन करा. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ), फी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) मिळेल का आणि त्या दिवशी किती होल (खेळाचे टप्पे) उघडे आहेत, एवढं विचारून घ्या. शक्य तितकी पहाटेची वेळ मागा. आमच्या हवेत नऊनंतर घामानं क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, ग्रिप हातातून सटकायला लागते, ऑक्टोबरमध्ये तर आठलाच. चौघं मिळून नऊ होल खेळायला दोन-सव्वादोन तास धरा. अलिबागहून पहाटेची वेळ गाठणं अवघड, म्हणून मी आदल्या रात्री पनवेलला बहिणीकडे मुक्काम करते. मुंबईकरांनी हार्बरनं बेलापूरला उतरून मेट्रोनं सेंट्रल पार्क गाठावं आणि तिथून रिक्षा करावी.

हिवाळ्यात कोर्स सोपा वाटतो. माझा जीव मात्र पावसाळ्यातल्या राउंडवर. डोंगर हिरवेगार, वरून पाणी उतरतंय, शेजारी पांडवकडा कोसळतोय. (तो लांबूनच बघा. पावसात तिथं माणसं बुडाली आहेत.) पण या दिवसांत खेळायचं तर काही नियम पाठ हवेत. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पाणी साचलं असेल आणि चेंडू त्यात असेल किंवा तुमचे पाय, तर दंड नाही. पाणी नसलेली सर्वांत जवळची जागा शोधा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न सरकता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तरी दंडाविना सूट, मात्र बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) ती नाही. हरवलेला चेंडू तीनच मिनिटं शोधायचा. लांब गवतात जाईलसं वाटलं तर पुढे चालू लागण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं मोठ्यानं सांगून दुसरा मारून ठेवा.

ओल्या बंकरमध्ये मी फार चुकायचे. भिजलेली वाळू घट्ट बसते, सँड वेज (वाळूसाठीचा क्लब) तिच्यावर आपटून उसळतो आणि चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) पलीकडे जातो. हे मला आमच्या किनाऱ्यानं शिकवलं. ओहोटीला, पहाटे, माणूसकाणूस नसताना मी ओल्या वाळूवर छोटे फटके मारते. तिथं कमी बाउन्सचा (तळाचा फुगवटा कमी असलेला) वेज घेऊन वाळूचा पातळ थर उचलला की चेंडू नीट उठतो. आणि फटक्याआधी क्लब वाळूला टेकवायचा नाही, ही सवय सरावातही पाळा. राउंडमध्ये टेकवला तर दोन फटक्यांचा दंड.

गडगडाट ऐकू आला की थांबा. झाडाखाली नाही, सरळ क्लबहाउसमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, पैसे भरलेले असले तरी.

बॅग हलकी ठेवा. नियम चौदा क्लबची मुभा देतो. मी सात नेते. पुढच्या टीवरून (होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळा, त्यात काही कमीपणा नाही. दोन ग्लोव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुना पंचा, मीठ घातलेलं कोकम सरबत. कॅडीदादांना पहिल्याच ग्रीनवर उतार कुठे आहे ते विचारा. डोंगराजवळ डोळे फसतात. सपाट दिसणारा पट (ग्रीनवरचा हलका फटका) दरीकडे वळतो.

घरी आल्यावर क्लब त्याच दिवशी पुसून बॅग उघडी ठेवा. खाऱ्या हवेत दोन दिवसांत वेजवर गंज धरतो.