मोठ्या कुटुंबाचं किराण्याचं बजेट महिनाअखेरपर्यंत कसं टिकवायचं

घरात आठ-दहा माणसं असली की बजेट महागाईने मोडतं असं सगळेच म्हणतात, पण माझ्या मते निम्म्या वेळा ते मोडतं कारण सामान आणणारे हात खूप असतात. एकाने तेल आणलं, दुसऱ्याला पत्ताच नाही म्हणून त्यानेही आणलं, पोरं येता-जाता खाऊ घेऊन येतात, आणि हिशोब कुणाकडेच नाही.

तर आधी एक पूर्ण महिना काहीही न बदलता फक्त लिहून काढा. बिलं एका डब्यात टाका, ज्याचं बिल मिळत नाही ते घरच्या ग्रुपवर लगेच टाकायचं, कुणी कितीचं काय आणलं ते. साबण, डिटर्जंट, डायपर वेगळे लिहा, बिल एकच असतं त्यामुळे हे सगळं खाण्याच्या खर्चात मिसळतं आणि मग नक्की कुठे जास्त जातंय ते कळतच नाही. त्या आकड्यातून पहिल्यांदा फार तर ५ ते १० टक्के कमी करा. एकदम अर्ध्यावर आणलंत तर घरातले वैतागतात आणि बाहेरून मागवणं सुरू होतं, म्हणजे उलट जास्तच.

मग वाटप. धान्य, डाळी, तेल असं महिन्यातून एकदा भरायचं सामान आणि थोडी रक्कम पाहुण्यांसाठी आधीच बाजूला काढा. उरलेले पैसे बरेच जण सरळ चारने भागतात आणि तिथेच फसतात, कारण चार आठवडे म्हणजे २८ दिवस, वरचे दोन-तीन दिवस कोण बघणार? म्हणून महिन्याच्या दिवसांनी भागा आणि ७ ने गुणा, तो झाला आठवड्याचा आकडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खरेदी एकाच्याच हातात द्या. फार तर दोघं, पण यादी एकच. यादी फ्रिजवर लावा, ज्याला जे संपलेलं दिसेल त्याने लिहायचं, आणायचं मात्र नाही. सुरुवातीला कुरकुर होते, होऊ द्या. दुकानात जाण्याआधी कपाट आणि फ्रिज स्वतः उघडून बघा, मागे एखादं पाकीट दडलेलं असतंच.

मोठं पॅक स्वस्तच पडतं असं नाही हं. किंमत भागिले वजन करून बघा, मोबाईलवर दोन सेकंदांचं काम. पाकीट तेच, किंमत तीच आणि वजन १ किलोचं ९०० ग्रॅम झालं असेल तर तुम्ही किलोमागे साधारण ११ टक्के जास्त देताय. आणि स्वस्त पडलं तरी जे खराब होण्याआधी संपेल तेवढंच घ्या, नवीन मागे ठेवा, जुनं पुढे.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि आठवड्यातलं एक जेवण फक्त उरल्यासुरल्यातून करायचं असं ठरवून टाका.

दर आठवड्याला खर्च मोजा. जास्त झाला असेल तर तेवढे पुढच्या आठवड्यातून वजा करा, पाहुण्यांच्या पैशाला हात लावू नका, आणि ते पैसे महिनाअखेर उरलेच तर पुढच्या महिन्याच्या धान्यात घाला.