मसाल्याच्या धंद्यात खरेदी, कांडप, विक्री आणि वसुली यांचा मेळ कसा बसवावा

गुढीपाडव्याला दहा-बारा दिवस होते. माझ्या दिरांनी एका मोठ्या दुकानाची ३०० किलो मसाल्याची ऑर्डर आणली, २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वहिनी, माल तयार आहे ना?"

"माल आहे भावजी, पाऊच नाहीत. चारशेच शिल्लक आहेत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही तारीख कबूल करताना विचारलंत कुठं?"

लागणार होते १,५०० पाऊच आणि छापणाऱ्याने १२ दिवसांची मुदत सांगितली. पाडवा झाल्यावर आमचा माल पोचला, तोवर त्या फळीवर दुसऱ्याचा मसाला लागला होता. खरेदी आमचे हे, म्हणजे माझे यजमान बघतात, त्यांनी मिरची वेळेत आणली होती. कांडप आणि पॅकिंग माझ्याकडे, मसाला मी तयार ठेवला होता. दिरांनी ऑर्डर आणली होती. आपापलं काम प्रत्येकाने नीट केलं होतं, तरी ऑर्डर बुडाली, कारण दोन कामांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती. छोट्या धंद्याचं नुकसान बहुतेक वेळा याच जागी होतं, असं माझं ठाम मत आहे. ती जागा कशी सांभाळायची, ते आमच्या मसाल्याच्या उदाहरणाने सांगते. तुमचं पापडाचं, कपड्यांचं किंवा फर्निचरचं काम असलं तरी सांधे असेच असतात.

आधी एका पोत्याबरोबर चालत जा

बाजारातून आलेलं मिरचीचं एक पोतं धरा आणि त्याचे पैसे परत गल्ल्यात येईपर्यंत त्याच्या मागे चाला. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की वहीत एक ओळ लिहा: कुणी दिला, कुणी घेतला, काय मोजलं, नोंद कुठे झाली. अडत्याकडून टेम्पोत, टेम्पोतून गोदामात, गोदामातून देठ खुडणाऱ्या बायकांकडे, तिथून वाळवणीला, कांडपाला, चाळणीला, पॅकिंगला, गाडीत, दुकानात. आमच्याकडे असे नऊ हात निघाले आणि त्यातल्या चार ठिकाणी तोंडी कारभार होता. त्या चार जागांवरच आधी काम करायचं. जिथे ठीक चाललंय तिथे नवीन वह्या घालू नका, माणसं कंटाळतात.

प्रत्येक हातबदलाला वजन करा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं याचाच आळस होतो. मिरचीला घट येते. देठ जातात, ओल जाते, माती आणि बी गळतं, कांडपात भुकटी उडते. ही घट खरेदीवाल्याला अंदाजाने माहीत असते, विक्रीवाल्याला अजिबात नसते. समजा, मिरची २२० रुपये किलोने १०० किलो घेतली आणि कांडपाला जाईपर्यंत ८८ किलो उरली. २२,००० रुपयांत ८८ किलो, म्हणजे तुमची मिरची २५० रुपयांना पडली. दिरांच्या डोक्यात २२० चा आकडा असेल तर ते दुकानदाराला हसतहसत १० रुपये सोडतील आणि प्रत्येक किलोमागे तोटा घेऊन येतील. चूक त्यांची नाही, आकडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

म्हणून वजनकाटा दाराजवळ ठेवा आणि शेजारी दोरीने बांधलेली वही. देताना वजन, घेताना वजन, दोघांच्या सह्या. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाचं काम याच शिस्तीवर वाढलं: मळलेलं पीठ बायका घरी नेतात, लाटून पापड परत आणतात आणि ते तपासून घेतले जातात. लाटणारी घरी, पीठ मळणारा शाखेत, तरी हिशेब जुळतो, कारण देण्याघेण्याची जागा पक्की आहे.

महिन्यातून एकदा घट धरून पडलेला खरा भाव काढा आणि विक्रीवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्या: यापेक्षा खाली जायचं नाही.

एक फळा, सगळ्यांच्या नजरेसमोर

पाऊचच्या प्रसंगानंतर आम्ही गोदामात पांढरा फळा लावला. त्यावर पाचच गोष्टी असतात: निवडलेली मिरची, कांडप झालेला मसाला, भरलेले पाऊच, रिकामे पाऊच आणि खोके, कबूल केलेल्या ऑर्डरी तारखेसकट. सकाळी नऊला मी आकडे बदलते आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. दीर दुकानात उभे राहून तो फोटो बघतात, मगच तारीख देतात. संगणकावरचं सॉफ्टवेअर नंतर घ्या. फळा रोज भरायची सवय नसेल तर सॉफ्टवेअरही रिकामंच राहतं.

रिकाम्या पाऊचसारख्या वस्तूंना लाल रेघ ठरवून घ्या. हिशेब सोपा आहे. रोज ४०० पाऊच लागत असतील, छपाईला १२ दिवस लागत असतील आणि ५ दिवस हाताशी राखायचे असतील, तर १७ गुणिले ४००, म्हणजे ६,८००. साठा तिथे आला की त्याच दिवशी ऑर्डर द्यायची, कुणाला विचारत बसायचं नाही. उन्हाळ्यात बायका वर्षाचा मसाला भरतात तेव्हा रोजचा खप वाढतो, त्यामुळे जानेवारीतच ही रेघ वर सरकवावी लागते. सणाची यादी विक्रीवाल्याने दोन महिने आधी द्यायची, हेही ठरवून टाका.

पैसा किती दिवस अडकतो ते मोजा

मिरचीची आवक जोरात असते तेव्हा हात सैल सोडून खरेदी होते आणि त्याच वेळी विक्रीवाला दुकानात उधारी वाढवत असतो. दोघेही धंदा वाढवतायत असंच वाटतं, पण पगाराच्या तारखेला खातं रिकामं असतं. म्हणून दिवस मोजा. मिरची गोदामात ६० दिवस, निवड ते पॅकिंग ७, भरलेला माल पडून १५, दुकानाची उधारी ३०. बेरीज ११२. अडत्याने १५ दिवसांची मुदत दिली तर ९७ दिवस स्वतःचा पैसा अडकतो. रोजचा माल खर्चाच्या भावात २० हजारांचा धरला तर ढोबळमानाने १९ लाख ४० हजार रुपये. उधारी दहाच दिवसांनी कमी केली तरी दोन लाख मोकळे होतात. हा आकडा दिरांना कळला तेव्हापासून वसुलीला जाताना त्यांचा संकोच गेला.

वसुलीला कायद्याचाही आधार आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. तुम्ही उत्पादन करणारे सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या खरेदीदाराशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

हिशेबाची बाजूही याच साखळीत येते. विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत हिशेबनिसाच्या हातात गेली पाहिजेत, कारण दरमहा जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, तारीख ११ असते आणि जीएसटीआर-३बी ची, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्राची, २०. तुमचं बिल वेळेत चढलं नाही तर दुकानदाराला कराची वजावट दिसत नाही आणि तो तेच निमित्त करून पैसे थांबवतो.

शेवटचा शब्द कुणाचा, ते आधीच ठरवा

घरच्या धंद्यात ही गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलावीच लागते. आमच्याकडे माल कधी मिळेल ते पॅकिंगवाली सांगते, किमान भाव हिशेबावरून ठरतो, आणि कुणाला किती उधारी ते जुनी बाकी बघून. वयाने मोठा कोण याचा इथे संबंध ठेवलेला नाही. दर सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभं राहून वीस मिनिटं बोलतो. गेल्या आठवड्यात काय अडलं, या आठवड्यात कुणाला कुणाकडून काय हवंय, एवढंच. बसलं की चहा होतो आणि तास जातो.

तक्रार उलट्या दिशेने पोचवा

माल पुढे जातो, तशी तक्रार मागे आली पाहिजे. त्यासाठी बॅच नंबर हवा. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, नाव-पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक आपण छापतोच, त्याच्या जोडीला बॅच नंबरही लिहावाच लागतो. पण वहीत त्या बॅचपुढे कोणती मिरची, कुठल्या दिवशीची खरेदी, कांडपाला कोण होतं, हे नसेल तर तो नंबर नुसता शोभेचा.

गेल्या श्रावणात एका दुकानदाराने मसाल्याचा रंग फिका असल्याचं दिरांना सांगितलं. त्यांनी पाकिटाचा फोटो पाठवला. मी वही उघडली. त्या दिवशी ब्याडगी मिरची कमी पडली म्हणून गुंटूर मिरची जास्त घातली होती. रंग ब्याडगीचा, तिखटपणा गुंटूरचा, त्यामुळे मसाला झणझणीत पण फिका झाला होता. रात्री जेवताना मी यांना ते पान दाखवलं. सकाळी त्यांनी अडत्याला फोन लावला आणि फळ्यावर सहावी ओळ आली: ब्याडगी शिल्लक, किलोमध्ये.