रखमानिनॉव्हचं जी मायनर प्रिल्यूड बसवायला घेताना

ग्रेडच्या परीक्षा मागे पडल्या की पियानो शिकणाऱ्या पुष्कळांना रशियन संगीतकार रखमानिनॉव्हचं जी मायनर प्रिल्यूड, म्हणजे पियानोसाठीची एक छोटी रचना (ओपस २३ या दहा प्रिल्यूडच्या संचातली क्रमांक ५), खुणावू लागतं. माझ्याकडे शिकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ते घेऊन येतंच, आणि बहुतेक जण पहिल्याच ओळीपासून पियानो बडवायला लागतात. नोटेशनमध्ये मात्र सुरुवातीला हळू आवाजात वाजवायची खूण आहे. चाल मार्चची, पण लांबून ऐकू येणारी. इथेच सगळा जोर उधळलात तर पुढच्या चढावर हाताशी काही उरत नाही.

हे १९०१ सालचं, म्हणजे त्याचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) पुरा झाला त्याच वर्षीचं. संचातली बाकीची नऊ १९०३ पर्यंत झाली. संच अर्पण केलाय अलेक्झांडर सिलोटीला. तो रखमानिनॉव्हचा आतेभाऊ आणि मॉस्कोत त्याचा गुरूही.

तुकड्याचा जीव आहे लयीत. खाली एक ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम), लगेच वर दोन झटपट कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), हा ठेका जवळजवळ थांबतच नाही. त्या दोन कॉर्डसाठी दोन वेगळे फटके मारलेत तर पानभरातच दंड भरून येतो. मनगट एकदाच खाली जाऊ द्या आणि वर येताना दुसरा कॉर्ड घ्या. बोटं पट्ट्यांपासून फार उचलायची नाहीत. सुरुवातीला मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. छापलेला वेग १०८ आहे, पण तिथे पोचायची घाई नको. पेडल अगदी कमी. ठेका कोरडाच चांगला वाटतो.

मधला भाग मी आधी शिकायला सांगते. डावा हात लांबच लांब आर्पेजिओत, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक घेत, फिरतो, वर गाणं. तेच गाणं परत येतं तेव्हा आत आणखी एक सूर उगवतो, आणि दोन्ही हात आधीच भरलेले असल्यामुळे तो हमखास बुडतो. तो आतला सूर एकटाच वाजवा, मोठ्याने म्हणा, मग वरचं गाणं जोडा, आर्पेजिओ सगळ्यात शेवटी. माझ्या मते वाजवणाऱ्याची खरी पारख या पानावर होते. ऑक्टेव्ह काय, मेहनतीने येतात. रखमानिनॉव्हचा पंजा प्रचंड होता, आपला तसा नसेल तर मोठे कॉर्ड खालून वर उलगडून वाजवायला लाजू नका.

सोव्हिएत पियानोवादक एमिल गिलेल्सची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चित्रफीत जरूर पाहा. समोर सोव्हिएत सैनिक बसलेत आणि तो हेच वाजवतोय.

मार्च परततो तो वेग वाढवत. द्रुत आणि तिहाईवर वाढलेल्या आपल्या कानाला शेवटी दणका हवा असतो. इथे तो मिळत नाही, ठेका विरत जातो आणि सूर हलकेच वर निघून जातात. स्पर्धेत परीक्षकांसाठी म्हणून शेवट मोठा करणारे भेटतात. तसं करू नका.