लिस्बनमध्ये नवीन आहात? महापौरापेक्षा वॉर्डाची जुंता ओळखून ठेवा

निवडणूक जवळ आली की नवीन आलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "नवा महापौर आला तर आमच्या कार्डाचं काय?" काहीही नाही. तुमचं रेसिडेन्स कार्ड आयमाकडे, म्हणजे स्थलांतरितांचं काम पाहणाऱ्या संस्थेकडे, आणि ती देशाच्या सरकारची, पालिकेची नव्हे. स्थलांतरितांची वस्ती असलेल्या रुआ दु बेनफोर्मोझु या रस्त्यावर डिसेंबर 2024 मध्ये लोकांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारे पीएसपीचे पोलीसही देशाच्या सरकारचे, पालिकेचे नव्हेत. प्रचारात स्थलांतरितांवर कोण काय बोलतं ते ऐका जरूर, पण झोप उडवून घेऊ नका.

आधी पद्धत समजून घ्या, कारण ती आपल्यासारखी नाही. आपल्याकडे महापालिकेत नगरसेवक महापौर निवडतात, नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट लोकांतून येतो. इथे दोन्ही नाही. मतदार 'कामरा'साठी, म्हणजे पालिकेच्या कार्यकारी मंडळासाठी, पक्षाच्या यादीला मत देतो. ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, तिचा पहिला उमेदवार महापौर. बहुमत असो वा नसो. बाकी जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यामुळे हरलेला विरोधकही त्याच कार्यकारी मंडळात येऊन बसतो, फक्त हाती खातं नसतं.

26 सप्टेंबर 2021 ला लिस्बनमध्ये हेच झालं. सगळ्या चाचण्या तेव्हाचे महापौर, समाजवादी फर्नांदु मेदिना यांच्या बाजूने होत्या. रात्री उशिरा उजव्या बाजूचे कार्लुश मुएदाश जिंकले, जेमतेम एक टक्क्याच्या फरकाने. 17 जागांत दोघांना सात-सात, उरलेल्या तीन डाव्यांकडे. म्हणजे महापौर एका बाजूचा, बहुमत दुसऱ्या बाजूचं. मग अंदाजपत्रक समाजवादी तटस्थ राहिले म्हणून पास झालं, आणि 2022 मध्ये शहरातल्या गाड्यांचा वेग कमी करण्याचा ठराव विरोधकांनी महापौरांच्या मनाविरुद्ध मंजूर करून घेतला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुएदाश पुन्हा आले, तेही आठ जागांवर. बहुमताला नऊ लागतात. म्हणून प्रचारातल्या घोषणा निम्म्याने कापूनच धरा.

मतदाराच्या हातात तीन कागद पडतात: हिरवा कामराचा, पिवळा पालिका सभेचा, पांढरा फ्रेगेझियाचा, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डाचा. टीव्हीवर चर्चा हिरव्याचीच. माझ्या मते तुमच्या कामाचा पांढरा. लिस्बनमध्ये 24 फ्रेगेझिया आहेत आणि प्रत्येकीची 'जुंता', म्हणजे कारभार पाहणारं वॉर्ड कार्यालय, असते. राहत्या पत्त्याचा दाखला, म्हणजे 'आतेश्तादु दि रेझिदेंसिया', तिथेच मिळतो, आणि त्याच्यावाचून बरीच कामं अडतात. भाडेकरार नावावर नसेल तर बऱ्याचदा त्याच फ्रेगेझियातले दोन नोंदणीकृत मतदार साक्षीला न्यावे लागतात. प्रत्येक जुंतेचे नियम आणि फी वेगळी, तेव्हा मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. आधी स्वतः विचारून या. खालच्या मजल्यावरच्या आजीला रोज 'बों दिया' म्हणत चला. साक्षीदार तिथूनच मिळतात.

आता मताचं. भारतीय पासपोर्टवर इथे मत नाही. ब्राझील आणि केप व्हर्दच्या नागरिकांना दोन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की पालिकेत मत देता येतं. परस्पर हक्क असलेल्या आणखी काही देशांना तीन वर्षांनी. भारत त्यांत नाही. युरोपीय संघाचा पासपोर्ट असलेला नवरा किंवा बायको असेल, तर त्यांनी जुंतेत जाऊन नाव नोंदवावं. ते आपोआप होत नाही.

गोव्याकडून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन आलेल्यांचं प्रकरण निराळं. तुम्ही पूर्ण मतदार. आणि 2007 ते 2015 या शहराचे महापौर असलेले अंतोनियु कोश्ता हे गोवेकर बापाचेच चिरंजीव, तेव्हा परकं वाटून घेण्याचं कारण नाही. पण तुमचं नाव पोर्तुगीज नागरिक कार्डावरच्या पत्त्यानुसार मतदार यादीत जातं. पत्ता अजून मडगावचा असेल तर लिस्बनच्या पालिकेसाठी मत नाही. मतदानाच्या 60 दिवस आधी यादी गोठते, म्हणून घर बदललं की त्याच महिन्यात पत्ता बदलून टाका. निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे ही मुदत जुलै-ऑगस्टात येते, आणि ऑगस्टमध्ये अर्धं लिस्बन सुट्टीवर असतं.