समुद्राच्या पाण्याचे आरओ: मेम्ब्रेनवर जिवाणूंचा थर साचवणाऱ्या या चुका टाळा

आरओ म्हणजे समुद्राचे पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, ढकलून गोडे करण्याची पद्धत. या मेम्ब्रेनवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढू लागला की बहुतेक प्रकल्पांत क्लोरीनचा डोस वाढवला जातो, आणि नेमकी हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. क्लोरीनने सगळे जिवाणू मरत नाहीत. उलट पाण्यातील ह्युमिक आम्लांसारखे मोठे सेंद्रिय रेणू तुटून त्यांचे जिवाणूंना सहज पचणारे तुकडे होतात. पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला मुक्त क्लोरीन सोसत नसल्यामुळे मेम्ब्रेनच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइट घालून तो संपवावाच लागतो. म्हणजे वाचलेल्या जिवाणूंपुढे अन्न तयार असते आणि त्यांना रोखणारे काहीच उरत नाही. म्हणून क्लोरीन सतत न देता अधूनमधून जोरकस मात्रेत द्यावा आणि त्या वेळी पाण्यात क्लोरीन उरला आहे का याचा अंदाज देणाऱ्या ओआरपी मीटरवरची नजर हटू देऊ नये.

एसडीआय (पाण्यातील बारीक गाळाचा निर्देशांक) ३ च्या खाली आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे आहे. ही चाचणी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर किती वेगाने चोंदतो एवढेच सांगते, पाण्यात विरघळलेल्या जिवाणूंच्या अन्नाबद्दल काहीच सांगत नाही. २००८-०९ मध्ये ओमानच्या आणि पर्शियाच्या आखातात कोक्लोडिनियम या सूक्ष्म शैवालाची लाल भरती (शैवाल बेसुमार वाढून पाणी लालसर होणे) आली, तेव्हा तिथले काही प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी पंपांत आणि दाबाच्या फिल्टरांत शैवालाच्या पेशी फुटल्या तर आतला चिकट द्रव पुढे जातो. त्यापेक्षा हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी त्या अखंड तरंगवून काढणे कितीतरी चांगले. क्षारांचे थर रोखणारे फॉस्फरसयुक्त अँटीस्केलंट गरजेपेक्षा जास्त घालणे म्हणजेही जिवाणूंना खतपाणीच आहे.

निदानात घाई करू नये. जैविक थर असेल तर बहुधा व्हेसलमधल्या (मेम्ब्रेन बसवलेल्या दाबनळीतल्या) पहिल्या एलिमेंटवरचा (मेम्ब्रेनच्या गुंडाळीवरचा), पाणी शिरताना आणि बाहेर पडतानाच्या दाबातील फरक आधी वाढतो. ते एलिमेंट बाहेर काढून थोडा गाळ खरवडून जाळावा. केस जळल्यासारखा वास आला तर तो जैविक थर समजावा.

दाबातील हा फरक १५ टक्क्यांनी वाढताच, उत्पादकाने दिलेल्या तापमानाच्या आणि पीएचच्या मर्यादेत, आधी अल्कलीने धुवावे आणि आम्ल नंतर वापरावे, कारण आधी आम्ल दिल्यास सेंद्रिय थर आणखी घट्ट बसू शकतो. प्लांट बंद करताना समुद्राचे पाणी व्हेसलमध्ये साचू न देता गोड्या पाण्याने फ्लशिंग करावे. बंद काळ लांबणार असेल, तर मेम्ब्रेन मेटाबायसल्फाइटच्या १ टक्का द्रावणात ठेवावेत आणि द्रावणाचा पीएच वरचेवर तपासावा.