पट शिकायला रघुराजपूरला जाताना

पट्टचित्र, म्हणजे कापडाच्या पटावरची पारंपरिक चित्रकला, शिकायला ओडिशात रघुराजपूरला जाणार असाल, तर पहिले आठ-दहा दिवस रंगांचं नावही काढू नका. मी सावंतवाडीची, गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते हाताने रंगवायला शिकलेली. त्यामुळे कधी एकदा ब्रश हातात घेते असं झालं होतं. गुरुजींनी पुढ्यात भिजवलेले चिंचोके ठेवले.

पट म्हणजे आधी कापड. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वरून खडूची पूड आणि खळ यांचा लेप द्यायचा, उन्हात वाळवायचं, मग आधी खरबरीत दगडाने आणि नंतर गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं. माझी खळ घट्ट झाली आणि पहिला पट गुंडाळताना तडकला. गुरुजींच्या घरच्या काकूंनी दोन बोटांत खळ धरून तार कुठवर ओढली की पुरे ते दाखवलं. खळीचं काम बहुतेक घरांत बायकांच्या हातात आहे. त्यांच्या शेजारी बसा, निम्मं शिक्षण तिथेच होतं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, पट वाळतच नाही.

रंग शंखाचा पांढरा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा आणि काजळीचा काळा. त्यात कवठाचा डिंक. हिंगूळ आणि हरताळ ही खनिजं विषारी आहेत. ब्रशचं टोक ओठांनी ओलं करायची सवय असेल तर ती घरीच सोडून जा.

गाव पुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर, भार्गवी नदीकाठी आहे. पुरी-भुवनेश्वर रस्त्यावर चंदनपूरला उतरायचं. समोरासमोर घरांच्या ओळी, मधोमध देवळं आणि प्रत्येक ओसरीवर कोणीतरी चित्र काढत बसलेलं. स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथ आजारी पडतो आणि रथयात्रेपर्यंत मूर्तीऐवजी पटावरच्या देवांची पूजा होते, त्याला अणसर पटी म्हणतात. ही कला त्या सेवेतून वाढली, हे मनात ठेवून ओसरीवर पाय ठेवा.

पहाटे गोटिपुअ नाचाचा सराव चुकवू नका. ‘गोटि’ म्हणजे एक, ‘पुअ’ म्हणजे मुलगा. मुलीच्या वेशात नाचणाऱ्या मुलांची ही परंपरा ओडिसीच्या मुळाशी आहे. ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्र 1926 साली याच गावात, चित्रकाराच्या घरी जन्मले. 2000 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या नृत्यातली उभं राहायची त्रिभंगी ढब पटावरच्या कृष्णात दिसली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

इथेही गंजिफा आहे, तिला गंजपा म्हणतात. पानं गोलच, पण पटासारखी खळ लावलेल्या कापडाची. दशावतारी संच आपल्यासारखाच 120 पानांचा. मी आपला वराह दाखवला, गुरुजींनी त्यांचा काढला, आणि संध्याकाळ कशी गेली ते कळलंच नाही.

थोडी उडिया शिकून जा. मोठ्यांनी हाक मारली की ‘आज्ञा’ म्हणायचं, उच्चार ‘आग्यां’सारखा. दुपारी पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, आणि बडीचुरा, म्हणजे कुस्करलेले सांडगे, वाढतील. नाही म्हणू नका.

आणि सोबत घरातलं एखादं जुनं सुती कापड न्या. मी आईच्या आईचं विरलेलं नऊवारी नेलं होतं. कुणाचं, असं काकूंनी विचारलं. ‘आईच्या आईचं लुगडं,’ मी मराठीतच म्हणाले. त्यांना शब्द पोहोचले, कारण उडियात ‘लुगा’ म्हणजे कापड आणि ‘आई’ म्हणजेच आईची आई. त्यांनी ते कापड कपाळाला लावलं आणि खळीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.